गोळी दाखवता, हात का लपवता?

गेल्या हिवाळ्यात आमच्या रेल्वे कॉलनीतील चाळीसेक मुलांना घेऊन आम्ही चार-पाच जण एका गोळ्यांच्या कारखान्याची सहल करून आलो. मध्य प्रदेशातल्या एका जंक्शनवर हयात काढलेला मी निवृत्त गार्ड. माझ्यासोबत डाक खात्यातले एक सॉर्टर, दोन शिक्षिका आणि इन्स्टिट्यूटचे सेक्रेटरी होते. कारखान्याचे नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण दोष एका कारखान्याचा नाही. दोष दाखवण्याच्या एका पद्धतीचा आहे आणि त्या पद्धतीविरुद्ध हा लेख आहे.

फाटकावर मुलांना कागदी टोप्या मिळाल्या. एका गोड बोलणाऱ्या ताईंनी आम्हाला वरच्या मजल्यावरच्या लांब गॅलरीत नेले. गॅलरीला काच होती, काचेखाली कारखाना होता. साखर आणि ग्लुकोज यांचा पाक दीडशे अंशांच्या आसपास कसा उकळतो, त्यात रंग, आंबटपणा आणि वास कसा मिसळतात, थंड टेबलावर त्या पाकाचा गोळा कसा मळला जातो, त्याचा दोर होऊन साच्यातून मिनिटाला शेकडो गोळ्या कशा पडतात, हे सर्व त्यांनी छान समजावून सांगितले. मुले हरखून गेली. मीही गेलो. यंत्र ही माणसाच्या बुद्धीची मोठी निर्मिती आहे आणि ज्याने आयुष्यभर इंजिनाच्या मागे डबे मोजले, त्याला यंत्राचे वावडे असण्याचे कारण नाही.

पुढे पॅकिंगचा विभाग आला. तिथे तीस-पस्तीस बायका उभ्या होत्या. पट्ट्यावरून गोळ्या येत होत्या, फुटकी गोळी वेचून काढायची, पाकिटे मोजून खोक्यात भरायची, खोके पुढे सरकवायचे. ताई म्हणाल्या, "हा सगळा हॉल वातानुकूलित आहे." आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात सहावीतल्या एका मुलीने विचारले, "पण या सगळ्या मावश्या उभ्याच का? त्यांना बसायला काही नाही का?"

ताई हसल्या. "बेटा, काम ऐसा ही होता है," म्हणाल्या आणि पुढच्या यंत्राकडे वळल्या. दीड तासाच्या त्या सहलीत एवढा एकच प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि विचारण्यासारखा प्रश्नही तेवढाच होता.

आता त्या थंड हवेविषयी दोन शब्द. साखरेची कडक गोळी हवेतला ओलावा ओढून घेते. दमट हवेत ती चिकट होते, कागदाला धरते, माल परत येतो. म्हणून पॅकिंगचा हॉल कोरडा आणि थंड ठेवावा लागतो. पाकाच्या भट्टीपाशी, जिथे माणूस भाजून निघतो, तिथे असली हवा नव्हती. म्हणजे ती थंडी बाईसाठी नव्हती, गोळीसाठी होती. गोळीला ऊन लागू नये याची काळजी आहे. बाईचे पाय सुजू नयेत याची नाही. असे असताना तीच थंड हवा आम्हाला मात्र कामगार-कल्याण म्हणून दाखवली गेली!

परतताना मुले बसमध्ये चढत होती, तेव्हा शिफ्ट सुटली. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर एक बाई आमचे मराठी ऐकून थांबल्या. बैतूलकडच्या होत्या. "भाऊ, तुम्ही रेल्वेतले का?" असे विचारून त्यांनी बोलायला सुरुवात केली. सात वर्षे त्या तिथेच पॅकिंग करतात. पण कंपनीच्या कामगार नाहीत. ठेकेदाराच्या आहेत. ठेकेदार तीनदा बदलला, बाई तीच, पट्टा तोच, नोकरी मात्र दर वेळी नव्याने सुरू. "पास बदलतो ना भाऊ, मग आम्ही दर वेळी नव्याच," त्या म्हणाल्या. सहल आली की वरून सूचना असते की मान वर करायची नाही, हसायचे नाही, हात थांबवायचा नाही. "तुम्ही काचेवर होतात तेव्हा मी खाली होते," एवढे बोलून त्या टेम्पोत बसून निघून गेल्या.

साथींनो, सात वर्षे ज्या बाईने गोळ्या भरल्या तिचे नाव त्या कारखान्याच्या कोणत्याही रजिस्टरात कंपनीची कामगार म्हणून नाही. आणि आम्ही त्याच कारखान्याची एक-एक पुडी भेट घेऊन टाळ्या वाजवत परतलो.

हा प्रकार आजचा नाही आणि फक्त आपल्याकडचाही नाही. गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याची सहल कशी जन्मली आणि कशी मेली, याचा सर्वात बोलका इतिहास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावाचा आहे. मिल्टन हर्शी या मालकाने १९०३ साली तिथे चॉकलेटचा कारखाना बांधायला घेतला आणि त्याच्याभोवती सबंध गाव वसवले. रस्त्यांना नावे चॉकलेट अव्हेन्यू, कोको अव्हेन्यू. दिव्यांच्या खांबांवर चॉकलेटच्या आकाराचे दिवे. बाग, घरे, अनाथ मुलांची शाळा. मालक मायबाप आणि कामगार लेकरे, असा तो सगळा देखावा. लोक लांबून तो कारखाना पाहायला येत.

त्या लेकरांनी युनियन केली आणि एप्रिल १९३७ मध्ये कारखान्यातच ठाण मांडले. यंत्रे थांबली. कारखान्याला दूध घालणाऱ्या आसपासच्या शेतकऱ्यांचे दूध पडून राहिले. मग काय झाले? ७ एप्रिलला मालकाशी एकनिष्ठ म्हणवणाऱ्यांची मिरवणूक निघाली आणि शेतकरी व संपात नसलेले कामगार काठ्या-दांडकी घेऊन कारखान्यात घुसले. संपकऱ्यांना बडवून, हात वर करायला लावून बाहेर काढण्यात आले. एक कष्टकरी दुसऱ्या कष्टकऱ्याच्या डोक्यात दांडके घालत होता. मालकाला स्वतः हात उचलावा लागला नाही. १९७४ सालच्या मे महिन्यात, ८ तारखेपासून २७ तारखेपर्यंत, रेल्वेचा संप ज्यांनी पाहिला त्यांना हे नवे वाटणार नाही. प्रवासी विरुद्ध रेल्वे कामगार, शेतकरी विरुद्ध गिरणी कामगार, ग्राहक विरुद्ध पोस्टमन अशी भांडणे लावून देणाऱ्याचा फायदा सर्व देशांत सारखाच असतो.

पुढे त्या कारखान्यात युनियन आलीच. सहलीही चालू राहिल्या आणि गर्दी इतकी वाढली की १९७३ साली कंपनीने खऱ्या कारखान्याची सहल बंद केली. तिच्या जागी शेजारीच ‘चॉकलेट वर्ल्ड’ नावाची इमारत उभी केली. तिथे पाहुणा छोट्या गाडीत बसतो, गाडी आपोआप फिरते आणि चॉकलेट कसे होते याचा देखावा त्याला दिसतो. देखावा संपला की समोर दुकान. कारखाना नाही, कारखान्याचे नाटक! त्या नाटकात यंत्र आहे, संगीत आहे, गाणारी खोटी गाय आहे. पाळीवर येणारा कामगार मात्र नाही. जो नाही तो संपही करत नाही आणि पाहुण्यांशी बोलतही नाही.

गर्दीमुळे सहल बंद केली हे कारण मी खरे मानतो. पण परिणाम काय झाला ते पाहा. देखावा दर दिवशी चालू राहिला आणि देखाव्यापलीकडे कारखाना हळूहळू हलत गेला. २००२ साली आरोग्य विम्याचा वाढीव बोजा कामगारांवर टाकण्याच्या प्रश्नावर तिथे ४४ दिवसांचा संप झाला. २००७ मध्ये कंपनीने सुमारे १,५०० नोकऱ्या कमी करण्याची आणि काही उत्पादन मेक्सिकोत नेण्याची योजना जाहीर केली. आणि २०१२ साली त्या जुन्या, मूळ कारखान्यातले उत्पादन थांबले. पाहुण्यांची गाडी मात्र फिरतच राहिली. पाहुण्याला काही कळलेच नाही, कारण त्याने पाहिलेला कारखाना कधी बंद पडण्यासारखा नव्हता.

या कथेतला सर्वात कडू भाग ऑगस्ट २०११ चा आहे. चीन, तुर्कस्तान, युक्रेन अशा देशांतले शेकडो विद्यार्थी उन्हाळी सुटीत अमेरिका पाहायला, तिथली भाषा आणि संस्कृती समजून घ्यायला, हजारो डॉलर भरून ‘सांस्कृतिक देवाणघेवाणी’च्या परवान्यावर आले. त्यांना काय दाखवले? हर्शीजवळच्या एका गोदामात नेऊन चॉकलेटची जड खोकी उचलायला लावले, रात्रपाळ्या करायला लावल्या. मजुरीतून घरभाडे कापून घेतले. गोदाम चालवणारी कंपनी वेगळी, माणसे पुरवणारी वेगळी, परवाना मिळवून देणारी आणखी वेगळी. चॉकलेटवर नाव हर्शीचे, पण जबाबदारी कोणाचीच नाही. आमच्या बैतूलच्या बाईंचा ठेकेदार आणि हा प्रकार यांत फरक एवढाच की तिथे साखळी इंग्रजीत होती.

पण त्या पोरांनी काम बंद केले आणि फाटकाबाहेर मोर्चा काढला. त्यांची मागणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आमचे पैसे परत करा, एवढेच ते म्हणाले नाहीत. ही कामे इथल्या स्थानिक कामगारांना योग्य वेतनावर द्या, असेही ते म्हणाले. स्थानिक युनियनचे लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये जिथे कष्टकऱ्याने कष्टकऱ्यावर काठी उगारली, त्याच मुलखात ७४ वर्षांनी परदेशी पोरे स्थानिकांच्या नोकरीसाठी उभी राहिली. हे कोणत्याही ‘वर्ल्ड’च्या गाडीतून दाखवत नाहीत.

आणि चॉकलेटची मुळे तर त्याहूनही खोल आहेत. कोको पिकवणाऱ्या शेतांतली बालमजुरी संपवण्याचा करार चॉकलेट उद्योगाने २००१ साली केला. मुदत २००५ ची होती. ती टळली, पुन्हा वाढली, पुन्हा टळली. शिकागो विद्यापीठाशी निगडित संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत कोकोच्या शेतीत १५ लाख ६० हजार मुले बालमजुरीत होती. आमची मुले काचेवर नाक टेकवून चॉकलेट पाहतात तेव्हा पलीकडच्या खंडात त्यांच्याच वयाची मुले कोयत्याने कोकोची फळे फोडत असतात.

आता आपल्या घराकडे पाहू. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील रावळगावचे नाव आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथे साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. गाडी सुटताना पोराच्या हातात ठेवलेली ती गोळी, पुढे ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’ हे सर्व आपल्या प्रवासाचा भाग होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावे, बोधचिन्हे आणि कृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीला विकल्या गेल्या. जमीन, इमारत, यंत्रसामग्री जुन्या कंपनीकडेच राहिली. नीट विचार करा. गोळीचे नाव एकीकडे गेले, गोळी करणारी भट्टी दुसरीकडे राहिली. बाजारात किंमत कशाची झाली? वेष्टनावरच्या नावाची. ऐंशी वर्षे तो पाक ज्यांनी ओळखला, हाताच्या अंदाजाने ज्यांनी तो उतरवला, त्यांच्या कौशल्याला या व्यवहारात वेगळा रकाना नव्हता.

विलेपार्ल्याचा कारखानाही तसाच. १९२९ साली तो गोळ्यांपासूनच सुरू झाला. बिस्किटे नंतर आली. पश्चिम रेल्वेच्या मोटरमनपासून मासिक पासवाल्यापर्यंत सर्वांना डोळे मिटूनही पार्ले आले हे वासावरून कळत असे. २०१६ साली तो बंद झाला आणि वृत्तपत्रांनी त्या वासाच्या आठवणी रकानेच्या रकाने छापल्या. वासाला श्रद्धांजली वाहिली गेली. पाळ्या करणाऱ्यांच्या वाट्याला चार ओळी आल्या.

इथे काही साथी म्हणतील, आणि आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी बसमध्येच म्हटले, "अहो, मुले मजा करायला आली होती. त्यांच्या तोंडातल्या गोळीत कडू कशाला कालवता?" या आक्षेपाला मी सरळ उत्तर देतो. कडू मी कालवले नाही. प्रश्न त्या सहावीतल्या मुलीने विचारला होता. मुलांना यंत्रही दिसते आणि माणूसही दिसतो. माणूस पाहायचा नाही हे आपण मोठी माणसे त्यांना शिकवतो. जी मुलगी आज पट्ट्यावरच्या मावशीसाठी खुर्ची मागते, तिला ‘काम असेच असते’ असे उत्तर मिळाले आणि आपण गप्प बसलो, तर उद्या तिच्या वाट्याला तसेच काम येईल तेव्हा तीही स्वतःला हेच उत्तर देईल. आणि दुसरे असे की तिचा प्रश्न बेकायदाही नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात उभे राहून काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय करण्याचे बंधन स्पष्ट लिहिलेले होते. नव्या श्रम संहितेतही बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. सहावीतली पोर कायदा न वाचता कायद्यापर्यंत पोचली. आम्ही युनियनवाले कायदा पाठ असून काचेमागे उभे होतो!

पण त्या कायद्याचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. जुन्या कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० आणि वीज न वापरणाऱ्या ठिकाणी २० कामगार असले की तो कारखाना ठरत असे. नव्या संहितेत हे आकडे २० आणि ४० झाले. ठेकेदारी नियमनाची मर्यादा २० वरून ५० वर गेली. आता गोळ्या-पेपरमिंटचा धंदा डोळ्यांसमोर आणा. काच, गॅलरी आणि कागदी टोप्या असलेले कारखाने थोडे. बाकी भट्ट्या गल्लीबोळांत, पत्र्याच्या शेडमध्ये चालतात. लिमलेटच्या गोळ्या, रेवडी, बत्तासे, चिक्की करणारी पंधरा-अठरा माणसे तिथे उकळत्या पाकाशेजारी राबतात. उकळत्या पाकाचा चटका हा पाण्याच्या चटक्यासारखा नसतो, तो कातडीला चिकटून बसतो. अशी शेड काल कारखाना होती आणि आज व्याख्येबाहेर आहे. भट्टी तीच, चटका तोच, फक्त पाटी पुसली गेली. हॉलमधल्या बाईला काचेने झाकले, शेडमधल्या माणसाला व्याख्येने झाकले.

तुम्ही विचाराल, रेल्वे आणि डाक कामगारांनी गोळीवाल्यांची एवढी चिंता का करावी? कारण आपल्या खात्यांतही काचा बसू लागल्या आहेत. स्टेशनचा दर्शनी भाग लखलखीत होतो, लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. त्या फलाटावर झाडू मारणारा, डब्यातल्या चादरी धुणारा, पार्सलचे गठ्ठे ओढणारा आज कोणाचा नोकर आहे? ठेकेदाराचा. भर उन्हात पाना-हातोडा घेऊन किलोमीटरच्या किलोमीटर रूळ तपासत चालणारा ट्रॅकमन कोणत्या जाहिरातीत दिसतो? डाक खात्याचे तिकीट-प्रदर्शन भरते, शाळांच्या सहली येतात. पण खेड्यात पत्र पोचवणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला खाते अजून आपला नियमित कर्मचारी मानत नाही, हे त्या मुलांना कोण सांगतो? बैतूलच्या बाई ‘दर वेळी नव्या’ आणि आपला डाक सेवक वर्षानुवर्षे ‘खात्याबाहेरचा’. दोघेही एकाच काचेच्या आड उभे आहेत.

तेव्हा सहली बंद करा, असे माझे म्हणणे नाही. उलट जास्त काढा. मुलांनी कारखाने पाहिले पाहिजेत, यार्ड पाहिले पाहिजे, सॉर्टिंगचा हॉल पाहिला पाहिजे. पण आपल्या शाखांनी, इन्स्टिट्यूटनी आणि महिला समित्यांनी सहल ठरवताना काही अटी घालाव्यात. व्यवस्थापनाच्या माणसाबरोबर त्या कारखान्यातल्या एका कामगारालाही मुलांशी बोलू द्यावे, आणि तिथे युनियन असेल तर तिच्या प्रतिनिधीला. मुलांना केवळ ‘गोळ्या किती होतात’ हे नको, कामगार किती, त्यांपैकी कायम किती आणि ठेक्यावर किती हेही सांगावे. जिथे हे सांगायला नकार मिळेल, तिथे टाळ्या वाजवायला आपली मुले नेऊ नयेत. आणि परत आल्यावर जे दिसले ते शाखेच्या बैठकीत मांडावे, शेजारच्या असंघटित कामगारांची गाठ घ्यावी. संघटित क्षेत्रातला कामगार आपल्या महागाई भत्त्यापुरताच संघटित राहिला, तर १९३७ च्या शेतकऱ्यांप्रमाणे उद्या त्याच्याही हातात कोणीतरी दांडके देईल, आणि समोर उभी असलेली बैतूलची बाई असेल.

सहावीतल्या त्या मुलीला मी परतीच्या वाटेवर सांगितले की तिचा प्रश्न बरोबर होता. ती म्हणाली, "मग आपण त्यांना पत्र लिहू या का?" मुलांनी पत्र लिहिले, चाळीस सह्या केल्या. आमच्या सॉर्टर मित्राने ते रजिस्टर्डने पाठवले आणि पोचपावती जपून ठेवली. तीन महिने झाले, उत्तर आलेले नाही. पुढची सहल ठरण्याआधी आम्ही दुसरे पत्र पाठवणार आहोत. या खेपेला खाली आमच्या शाखेचीही सही असेल. तुमच्या शाखेची असेल का?